बिनसाखरेची साक्ष

मालवाहू जहाज परदेशात जप्त झालं, हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिथल्या न्यायालयाला. न्यायालयाला पुरावा लागतो, आणि जप्ती सिद्ध झाल्याशिवाय खलाशांची सुटका करता येत नाही, असा तिथला नियम होता. जहाजाच्या मालकाचं बंदरखात्याशी बिनसलं होतं. खलाशांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. म्हणून साक्षीला खलाशांनाच बोलावलं होतं. बंदरखात्याचं म्हणणं एवढंच, की आम्ही जप्तीबिप्ती काही केली नाही, आमचे शिपाई सहज भेटायला गेले होते.

रांगेत सगळ्यात शेवटी भंडारी बसला होता, म्हणजे जहाजाचा स्वयंपाकी. त्याला एकच हवं होतं, घरी जायचं. तो समुद्रावर असताना मुलगी झाली आणि तो इथे अडकून पडला असताना ती बोलायलाही लागली. बाप तिने फोनवरच पाहिलेला, त्यामुळे ती फोनलाच बाबा समजायची. परवा बायकोने फोन चार्जिंगला लावला, तर ‘बाबा, बाबा’ करत पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. ते ऐकून भंडारी आधी हसला आणि मग त्याला फार वाईट वाटलं.

पहिली साक्ष कप्तानाची झाली.

“शिपाई जहाजावर चढले कसे?” बंदरखात्याच्या वकिलांनी विचारलं.

“शिडीने.”

“शिडी कोणी सोडली?”

“आम्हीच. चढताना कोणी पडलंबिडलं तर निस्तरायचं आम्हाला!”

“त्यांच्या डोक्यावर हेल्मेटं होती म्हणे?”

“ती मी दिली,” कप्तानाचा मदतनीस अधिकारी मागून अभिमानाने ओरडला. “हेल्मेटशिवाय मी माझ्या सासऱ्यालासुद्धा डेकवर फिरू देत नाही.”

मग भंडाऱ्याला पिंजऱ्यात उभं केलं.

“तुम्ही शिपायांना चहा दिलात?”

“दिला.”

“बंदूक रोखून मागितला?”

“छे हो! कोणी मागितलाच नाही. जहाजावर माणूस आला की चहा द्यायचा, आमची पद्धतच आहे.”

“बंदुका दिसल्या नाहीत?”

“दिसल्या की. म्हणून तर बिस्किटंही दिली.”

कप्तानाने कपाळावर हात मारला.

“साखर विचारली होतीत?”

“न विचारता कशी घालणार? त्यांच्या हवालदाराला बिनसाखरेचा लागतो.”

वकील न्यायमूर्तींकडे वळले. “महोदय, जप्ती करणारा माणूस साखरेची आवडनिवड सांगत बसेल का?”

न्यायमूर्तींनी गंभीरपणे निर्णय दिला, “सदर घटना सकृद्दर्शनी जप्ती नसून लांबलेली भेट आहे.”

खलाशांनी टाळ्या वाजवल्या. भंडाऱ्याने हात जोडले. “मग साहेब, निघू आम्ही घरी?”

“खुशाल निघा. फक्त सुटकेचा हुकूम अटकेतल्या माणसालाच देता येतो, आणि हुकमाशिवाय बंदराचं फाटक उघडत नाही. शिवाय शिपाई अजून जहाजावरच आहेत; पाहुणे घरात असताना यजमानाने उठून जाणं बरं दिसत नाही. ते गेले की तुम्ही जा.”

“ते कधी जाणार?”

“असं पाहुण्यांना विचारतात का?” न्यायमूर्ती दुखावले.

कप्तानाने फारच गयावया केली, तेव्हा एक शेवटची संधी मिळाली. उद्या न्यायालयाचा कारकून जहाजावर पाहणीला येईल. तो असेपर्यंत कोणी कोणाचं आदरातिथ्य केलं नाही, तर जप्ती मान्य, आणि सुटका लगेच.

“अहो, तुमच्या पाया पडते,” बायको फोनवर म्हणाली, “एक दिवस तोंडाला कुलूप लावा. चहाचं नाव काढलंत तर बघा!” मागून पोरीने फोनचा पापा घेतला.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याने किटली कपाटात कोंडली आणि चावी कप्तानाच्या हवाली केली. कारकून आला. त्याला कोणी ‘बसा’ म्हटलं नाही. हवालदार खाकरला, पुन्हा खाकरला, रिकाम्या शेगडीकडे आशेने बघू लागला. भंडाऱ्याचा जीव तुटत होता, पण पठ्ठ्याने ओठ उघडले नाहीत.

“वागणूक अत्यंत तुसडी,” कारकून लिहिता लिहिता समाधानाने म्हणाला. “जप्ती स्पष्ट आहे. संध्याकाळी हुकूम मिळेल.” आणि तो शिडीकडे निघाला.

भंडाऱ्याला घर दिसू लागलं. आता फोनमधून बाहेर पडून पोरीला उचलून घ्यायचं! देवासारखा धावून आला हा माणूस. त्याचे डोळे भरले आणि तो कारकुनामागे धावला.

“अहो साहेब, असे कसे जाता? घोटभर चहा तरी घेऊन जा!”

“माझा बिनसाखरेचा,” हवालदार मागून म्हणाला.

कारकून परत आला, बसला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

हसता काय? तुमच्याकडे वीज तोडायला माणूस येतो, तेव्हा ‘उन्हातून आलात, बसा’ म्हणून त्याला पाणी कोण देतं? आणि तार कापून तो निघाला, की अंधाऱ्या दारात उभं राहून ‘या हं पुन्हा’ कोण म्हणतं?