दांडवाडीस अ‍ॅलर्जी मिळण्याबाबत

पोलादपूर तालुक्यातल्या दांडवाडीत कुणालाच अ‍ॅलर्जी नाही, ही गोष्ट जोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती तोवर वाडीचं बरं चाललं होतं. लक्षात आणून दिली डॉ. अपेक्षा सकपाळ यांनी.

बाई महाडच्या. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मास्ट पेशी पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मास्ट पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. कातडीखाली, नाकात, श्वासनळीत दबा धरून बसायचं आणि चोर आला की बोंब ठोकायची, एवढंच त्यांचं काम. पण काहींच्या अंगात त्या धुळीच्या कणालाही दरोडेखोर समजतात आणि मग शिंका, पुरळ, दमा. दांडवाडीत मात्र त्या गुमान कशा, हे शोधायला बाईंना काही वर्षं वाडीकरांचं रक्त तपासायचं होतं. हयातभर उंदीर हाताळल्यावर पहिल्यांदा माणसं मिळाली होती. हे हातचं गेलं असतं तर निवृत्तीपर्यंत पुन्हा उंदीरच.

शिमग्याला मुंबईकर गावी आले, देवळात बैठक भरली. बाई म्हणाल्या, "अभिनंदन! तुमच्या वाडीत अ‍ॅलर्जी अजिबात नाही."

वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष राजेश मोरे सावकाश उठले.

"मॅडम, पोलादपुरात हाय?"

"आहे."

"महाडला?"

"भरपूर."

"बघा! आमालाच नाय! रस्ता शेवटी आमाला, टॉवर शेवटी आमाला, आन् आता हे!"

"आरं, पण तो रोग हाय ना?" म्हातारे कोंडाजी पुटपुटले.

"आप्पा, तुमी गप ऱ्हावा. माझ्या साहेबाच्या पोरीला शेंगदाण्याची हाय. विमानात तिला स्पेशल डबा देतात. आपल्या पोरांनी काय जन्मभर मिळंल ते खायचं?"

बाई घाईघाईने समजावू लागल्या. लहानपणापासून गुरं, शेण, माती यांच्यात वावरल्यामुळेच ही पोरं वाचली असावीत, असं त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे अडचण गुरांची हाय!" राजेश म्हणाले.

ठराव एकमताने झाला. गुरं विकली. सारवलेल्या अंगणांवर फरशी आली, घरोघर जाड गाद्या, सुगंधी फवारे आणि पाकिटातला खाऊ आला. तालुक्याच्या साहेबांना निवेदन दिलं. साहेब म्हणाले, "मागणी रास्त आहे. फक्त अ‍ॅलर्जी कोणत्या योजनेत बसते, ते पाहावं लागेल." ती जीवनमान उंचावण्याच्या योजनेत बसली.

यथावकाश तुळसाबाईंच्या नातीला शिंका सुटल्या, त्या थांबेचनात. वाडीत पेढे वाटले. मंडळाने पोरीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शालीनेही तिला पुरळ आलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढे पोरीची छाती वाजू लागली. तुळसाबाई डॉक्टरबाईंच्या वाडीतल्या बिऱ्हाडाच्या दारात येऊन बसल्या. "गो बाय, पोर रातभर बसून काढते. तुजा रोग तू परत घेऊन जा गो." अपेक्षाबाईंना रडू आवरेना. एवढ्या शिकल्या, पण रोग परत कसा न्यायचा ते त्यांना येत नव्हतं.

अभ्यास मातीत गेला, असं त्यांनी संस्थेला कळवलं. संस्था हरखली. ठणठणीत वाडीत अ‍ॅलर्जी रुजताना पाहायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य! प्रकल्पाची मुदत वाढली, बाईंना बढती मिळाली. बढतीचे पेढे त्यांनी वाटले नाहीत.

त्या राजेशना भेटल्या. "निदान गुरं तरी परत आणा."

"आणू की! पण शेण कोण काढणार? पोरांना आता अ‍ॅलर्जी हाय ना!"

तेव्हापासून बाई गावोगावच्या व्याख्यानांत सांगत असतात, की दांडवाडीतला एक गोठा पुन्हा चालू करायला माणूस हवा आहे. राहायची सोय आहे, दूध फुकट. श्रोते माना डोलावतात. गाय आणि माती या विषयांवर भरभरून बोलतात आणि जाताना वाडीत प्लॉट मिळेल का, एवढं विचारतात. माणूस अजून मिळालेला नाही.

तुम्ही येता का? राहू द्या. तुम्हालाही अ‍ॅलर्जी असेलच.