धुक्यातला बारा नंबर

अकरापर्यंत मोजायचं. नोकरी म्हणजे एवढंच. आणि मी 'हो' म्हणालो, कारण इंजिनिअरिंग सोडलेल्या माणसालाही अकरापर्यंत मोजता येतं, असा माझा समज होता.

(सोडलेल्या. नापास झालेल्या नव्हे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा फरक सांगून माझी जीभ झिजली आहे. पाहुणे मान हलवतात आणि वडिलांकडे कीव आल्यासारखं बघतात.)

वडील म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना गप्प बसवलं आणि त्याला शिक्षण म्हटलं. दाराच्या मागे खिळ्याला त्यांची छडी अजून लटकते. आई गेल्यापासून त्यांचं ऐकून घ्यायला घरात मी, वहिनी आणि फ्रिज एवढेच उरलोय. दादा वर्षातले दहा महिने जहाजावर असतो. (आमच्या घरातला सगळ्यात हुशार माणूस.) फ्रिजवर एका जड डिक्शनरीखाली माझा कॉलेजचा फॉर्म होता. सगळा त्यांनीच भरलेला, सुंदर अक्षरात. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलेलं. फक्त सही माझी बाकी होती.

"तीस दिवस," ते म्हणाले. "कुठल्याही एका कामावर तीस दिवस टिकून दाखव, मी हा फॉर्म फाडतो. एक दिवस जरी कमी भरला तर मुकाट्याने सही करायची."

काम वहिनीच्या शाळेत मिळालं. वहिनीने स्कँडिनेव्हियात चाळीस दिवसांचा कोर्स केला होता आणि परत येऊन झाडीच्या कडेला दोन लाकडी खोल्यांची शाळा काढली होती. घंटा नाही, परीक्षा नाही, बाक नाहीत. गणित काटक्यांवर, भूगोल चिखलात, आणि लाकूड तासायला सहा-सात वर्षांच्या पोरांच्या हातात सुऱ्या. ऊन असो, पाऊस असो, पोरं बाहेर. मोठ्यांनी मध्ये मध्ये करायचं नाही, हा मुख्य नियम. (हा नियम ऐकून आमच्या हेडमास्तरांना ठसका लागला होता, तो दुसऱ्या दिवशी थांबला.)

पोरांवर सारखा डोळा ठेवायचा नाही, पण पोरं हरवायचीही नाहीत. म्हणून दर वीस मिनिटांनी मी लाकडाचे दोन ठोकळे तीनदा आपटायचे. ठक, ठक, ठक. मग पोरांनी झाडीत असतील तिथूनच आपापला नंबर ओरडायचा, एकपासून अकरापर्यंत. एखादा नंबर आला नाही तर तडक शोधायला पळायचं. पोरांनी माझं नाव मोजणीकाका ठेवलं. विसाव्या वर्षी मी काका झालो.

पंचवीस दिवस बिनबोभाट गेले. सव्विसाव्या दिवशी धुकं पडलं.

साधंसुधं नव्हे. हात लांब केला तर बोटं दुसऱ्या कोणाची तरी वाटावीत, असं धुकं. पानांवरून थेंब पडत होते आणि बाकी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी ठोकळे आपटले.

"एक!" "दोन!" "तीन!" असं होत होत "अकरा!" आलं. मी ठोकळे खिशात टाकले.

तेवढ्यात धुक्यातून कोणीतरी म्हणालं, "बारा."

आवाज पोराचा नव्हता. हळू, घोगरा, वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीतून यावा तसा. मी पुन्हा ठोकळे आपटले. पुन्हा एक ते अकरा. पुन्हा जरासं थांबून, "बारा."

सात नंबर सगळ्यात जवळ होती. वय साडेसहा, पुढचे दोन दात गायब, हातात सुरी.

"कोण ओरडलं गं ते?"

"बारा."

"बारा कोण?"

"अरे, बारा म्हणजे बारा. अकराच्या नंतरचा." तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुला बारापर्यंत येत नाही?"

"कुठे असतो तो?"

"तू मोजत असतोस ना, तेव्हा तुझ्या मागे उभा असतो."

मी मागे वळलो नाही. (शूर माणसं वळतात. ती लवकर मरतात.)

दुपारी वहिनीला गाठलं. घरी ती मला भाऊजी म्हणते आणि शाळेत तर आणखीच गोड आवाजात म्हणते.

"वहिनी, झाडीत कोणीतरी आहे."

"मुलांच्या कल्पनेतला मित्र असेल, भाऊजी. किती सुंदर!"

"मुलांच्या कल्पनेतला असेल तर मला कसा ऐकू येतो?"

"म्हणजे तुमच्यातलंही मूल जागं होतंय. वहीत लिहून ठेवा."

मोठ्या माणसांना काही सांगायला जाऊ नये ते याचसाठी. तुम्ही म्हणता आग लागली, ते म्हणतात व्वा, काय उजेड आहे.

घरी वेगळाच तमाशा. दारामागची छडी गायब होती. हेडमास्तर खवळले असतील म्हणून मी बूट हातात घेऊन आत शिरलो, तर ते शांतपणे जेवत होते. त्यांना बारीक खोकला झाला होता. मध्येच म्हणाले, "आज मोजणीत किती भरले?"

"अकरा."

"नक्की?"

"अकराच."

आणि ते हसले. वीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. धुक्यातल्या आवाजापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

धुकं काही हटेना. सत्ताविसाव्या दिवशी पोरांनी चित्रं काढली. कोणी कोणाचं बघितलं नव्हतं, तरी सगळ्यांचं चित्र तेच. लांब करडा कोट, डोक्यावर कोटाचंच टोपडं, टोपड्यात तोंडाच्या जागी काहीच नाही. हातात काठी. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा चित्रं. तोच कोट, पण काठी निम्मी. एकोणतिसाव्या दिवशी काठी वीतभर.

"काठी लहान का होतेय?" मी चार नंबरला विचारलं. तो आमच्यातला विचारवंत.

"तो संपवतोय ती," चार नंबर म्हणाला. "रोज थोडी थोडी. संपली की तो मोकळा."

"मोकळा होऊन काय करणार?"

चार नंबरने खांदे उडवले. "मग बहुतेक तुझी पाळी."

रात्री झोप कसली येतेय. पण नोकरी सोडायची तर फ्रिजवर फॉर्म. भूत की कॉलेज, असा सरळ प्रश्न होता, आणि मी भुताच्या बाजूने होतो. एकच दिवस तर काढायचा होता.

तिसावा दिवस. धुकं इतकं की शाळा सकाळीच विरघळून गेली होती. मी ठोकळे आपटले. एक ते अकरा आले. "बारा" आलं, अगदी जवळून. मग ज्याने कोणी ते म्हटलं होतं ते खोकलं.

भुतं खोकत नाहीत, असा मी हिशेब केला आणि आवाजाच्या दिशेने निघालो. (इंजिनिअरिंगची दोन वर्षं. डोकं असंच चालतं.) एका मोठ्या झाडापलीकडून खर्र, खर्र असा आवाज येत होता. मी झाडाला धरून डोकावलो.

अकराही पोरं गोल करून बसली होती. अळीमिळी गुपचिळी. मध्ये, माझ्याकडे पाठ करून, करड्या कोटातलं ते. वाकलेलं. खर्र, खर्र. कोणाचीही पापणी हलत नव्हती. मग सात नंबर हलक्या आवाजात म्हणाली, "आता मान घे."

त्याने सुरी उचलली आणि मागे वळलं. टोपड्यात खरंच तोंड नव्हतं.

पुढे मी काय केलं ते लिहायलाच हवं का? ठोकळे टाकले. पळालो. फावडी ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत घुसलो, आतून कडी लावली आणि एका घमेल्यामागे बसलो. अकरा पोरं, एक सुरीवालं भूत, आणि मी घमेल्यामागे.

बाहेर शांतता. मग ठक, ठक, ठक. माझेच ठोकळे.

"एक!" "दोन!" सगळे क्रमाने आले. "अकरा!" "बारा."

मग चार नंबरचा आवाज: "तेरा?"

मी घमेलं आणखी जवळ ओढलं.

"तेरा कुठंय? तेरा हरवलाय!"

"पावलं इकडे गेलीत," सात नंबर ओरडली. "बघा, घसरलाय पण इथे. दोनदा."

चिखलातून पावलं पत्र्याच्या खोलीभोवती फिरायला लागली. एक फेरी. दुसरी फेरी. दाराशी थांबली. दारावर लाकडाने हळूच टकटक झाली.

"घाबरू नकोस रे," तोच घोगरा आवाज म्हणाला. "आम्ही आहोत सगळे. उघड."

माझा हात कसा कोण जाणे कडीवर गेला. दारात करडा कोट उभा होता. त्याने टोपडं मागे सारलं, नाकापर्यंत गुंडाळलेला राखाडी मफलर खाली ओढला.

हेडमास्तर.

"बाबा?"

"बारा," सात नंबरने दुरुस्ती केली.

मी आवाज ओळखला कसा नाही, असं तुम्ही म्हणाल. जन्मभर मी तो फक्त ओरडताना ऐकलाय. हळू बोलल्यावर ओळखणार कसा?

"तू कुठे चुकतोस ते पकडायला आलो होतो," ते म्हणाले. त्यांच्या बुटांना चिखल होता आणि केसांत लाकडाचा भुगा. "या पोरीने मलाच पकडलं. म्हणाली, 'तुला नंबर नाही, असं फिरता येणार नाही.' पाहुण्यांचा रेनकोट दिला आणि बसवलं. मी बसलो." मग म्हणाले, "चाळीस वर्षं हजेरी घेतली रे मी. माझी कोणी घेतलीच नव्हती."

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. चार-पाच वर्षांपासून तयार करून ठेवलेली वाक्यं होती. एकही आठवेना. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. छडीचा चमचा झाला होता. मान तेवढी वाकडी आली होती.

तोवर वहिनी आली. बाबा झाडीत आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला माहीत होतं. डब्यात दोन अंडी जादा ती त्यांच्यासाठीच टाकत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमचं निरीक्षण बिघडलं असतं, भाऊजी." मग गोड आवाज बाजूला ठेवून ती म्हणाली, "पण अकरा मुलांना धुक्यात सोडून कडी लावून बसणाऱ्या माणसाला मी मोजणीवर ठेवू शकत नाही. आजपासून मोजणी बाबा करतील."

तीन तास. तिसाव्या दिवसाचे फक्त तीन तास उरले होते. मी मुकाट्याने वडिलांकडे हात पुढे केला. "आणा तो फॉर्म. करतो सही."

हेडमास्तर मफलरशी चाळा करायला लागले. "तो गुरुवारी आम्ही विस्तव पेटवायला घेतला. लाकडं ओली होती. पहिल्याच काडीत पेटला. कागद चांगला होता."

मी सुटलो! मी ओरडणारच होतो, तेवढ्यात चार नंबरने सभा बोलावली. या शाळेत सगळं मतदानाने ठरतं. तेरा नंबर हरवतो, घसरतो आणि हाक मारली तर ओ देत नाही, तेव्हा त्याला मोकळं सोडावं की शिकवावं, असा प्रश्न होता. शिकवायचं, हा ठराव बारा विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. (बारावं मत कोणाचं, ते विचारू नका.)

तर मी परत शाळेत जातो. पहिलीपासून. दर वीस मिनिटांनी वडील ठोकळे आपटतात आणि मी सात नंबरचा हात धरून 'तेरा' ओरडतो. मागच्या शनिवारी माझं पहिलं प्रगतिपत्रक घरी आलं. वहिनीने लिहिलं होतं: 'तेरा नंबर धुक्यात एकट्याने जायला अजून तयार नाही. घाई करू नये.'

खाली पालकांची सही होती. आणि सहीखाली, सुंदर अक्षरात, एक शेरा: 'घरीही असाच आहे.'