रिकाम्या कणांचे गुणकारी परिणाम

देजॉन शहरातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. क्वाक इल्दो टकलावर औषध शोधत होते. केसाहून हजारपट बारीक कणांत औषध भरायचं, ते कण केसांच्या मुळाशी उतरवायचे आणि औषध तिथेच सोडायचं, अशी ही योजना. तिच्यात उणीव एकच होती : डॉ. क्वाक यांना स्वतःला टक्कल होतं.

"अहो क्वाक, मंत्रालयाचे पाहुणे सादरीकरणाच्या पडद्याकडे बघतच नाहीत," संचालक प्यो एकदा म्हणाले. "सगळे तुमचं डोकं बघतात. तुम्हीही चाचणीत या."

क्वाक लगेच तयार झाले. मे महिन्यात लेकीचं लग्न होतं. "बाबा, माझा हात धरून हॉलमध्ये येताना टोपी नको हं," असं तिने बजावलंही होतं.

नियमाप्रमाणे निम्म्यांना औषधाचे कण, निम्म्यांना रिकामे. कोणाला काय, ते मोहोरबंद पाकिटात. क्वाकांना सतरा नंबरची बाटली मिळाली.

दोन महिन्यांनी बायको मीरान म्हणाली, "अहो, इथे लव आल्यासारखी वाटतेय." चौथ्या महिन्यात चाचणीच्या समितीने भिंग लावून 'वाढ लक्षणीय' असा शेरा मारला. खाली सात सह्या. लग्नात क्वाक उघड्या डोक्याने, छाती काढून चालले. वराकडच्या एका बाईंनी विचारलं, "नवरीचे थोरले भाऊ का?"

जूनमध्ये पाकीट फुटलं. सतरा नंबर रिकामी होती. क्वाकांनी धावत जाऊन यंत्राखाली केस मोजून घेतले. पूर्वीपेक्षा अकरा कमी भरले.

"साहेब, तो शेरा रद्द करा," ते संचालकांना कळवळून म्हणाले.

"सात सह्या आहेत त्यावर. केस चुकले असतील."

"पण त्या कणांत काहीच नव्हतं!"

"म्हणून तर दुष्परिणाम नाहीत. तुमच्या औषधाने लोकांना खाज सुटली."

ठराव झाला : औषधाचे कण बंद, रिकाम्यांना मंजुरी. क्वाक हट्टाला पेटले, तेव्हा बाटलीवर 'आत औषध नाही' असं ठळक छापायचं ठरलं.

घरी मीरानने तीन बाटल्या आधीच मागवल्या होत्या.

"अगं, रिकामी आहे ती! मीच बनवलीय."

"मग रोज आरशापुढे दिवा तिरका करून काय बघत असता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वाकांनी बाटली नीट हलवली आणि नेमाने डोक्याला चोळली. चार थेंब जास्तच.

त्या ठळक अक्षरांनी तर लोकांचा विश्वास दुणावला. इतकं खरं बोलणारे फसवतील कशाला? दुकानांपुढे रांगा लागल्या. बाटलीचं नाव मात्र इथे मुद्दामच दिलेलं नाही. तुम्ही ते शोधायला पुन्हा वरून वाचू लागलात, म्हणून सांगितलं.