तीन मजल्यांची आंघोळ

तुम्हाला म्हणून सांगतो, तीन मजली इमारत पुढून धुवायला शिडी लागत नाही, झुला लागत नाही, कमरेला दोर बांधून लटकणारा माणूसही लागत नाही. डोकं लागतं! जमिनीवर उभं राहून, चप्पल ओली न करता, पार वरच्या पट्टीपर्यंतची घाण खाली आणता येते. हे मी शनिवारी जेवताना बायकोला ठणकावून सांगितलं. तिने भाकरी मोडता मोडता नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं!

बायको म्हणजे शिवकन्या. लातुरात क्लासेसच्या भागात आमचं मुलींचं हॉस्टेल आहे. आमचं म्हणजे तिचंच. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो तेव्हा तिने मला तिथे मॅनेजर नेमलं. पहिल्या वर्षी मी दोन मुलींना एकच खाट दिली. दुसऱ्या वर्षी पालकांच्या ग्रुपवर मेनूऐवजी माझ्या शुगरचा रिपोर्ट पाठवला. वीस पालकांनी 'काळजी घ्या' लिहिलं! यंदा मात्र तिने आधीच बजावलं होतं.

"ह्या वर्षी घोळ झाला, तर उदगीरहून वीरेशला बोलावते. मग तुम्ही घरी बसा."

वीरेश हा तिचा धाकटा भाऊ. फोनवर "शरणार्थी दाजी, काय चाललंय हॉस्टेलचं?" असं विचारतो (शरणार्थी म्हणजे आमच्यातला नमस्कार!), तेव्हा पठ्ठ्या बॅग भरून बसलाय असंच मला वाटतं. आणि मॅनेजरकी गेली तर मी दिवसभर करू काय? ह्या एका विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यात रविवारी अकरा वाजता जळकोटचे आप्पासाहेब यायचे होते. त्यांच्या एकट्या पोरीचा प्रश्न नव्हता. भावकीतल्या आठ पोरी यंदा नीटच्या क्लाससाठी लातुरात येणार, आणि आप्पासाहेब म्हणतील त्याच हॉस्टेलात राहणार. आठ म्हणजे आमचा आख्खा दुसरा मजला! आणि आमचं एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची पुढची बाजू, बघाल तर हाय हाय! भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत एसीपी शीटा, वर नावाची रुंद पट्टी. बसवलं तेव्हा रस्त्याने जाणारा मान वर करून बघायचा. पण समोर डाळमिल आहे. तिच्या धुळीने निळं कुठलं आणि पांढरं कुठलं, हे आता फक्त मला माहीत होतं.

मी चाकूरला साडूभाऊला, नरसिंगला, फोन लावला. त्याची आंब्याची बाग आहे. झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध मारायचा पेट्रोलचा पंप, लांबलचक पाईप आणि गन त्याच्याकडे होती.

"पाठवतो की! पंपासोबत समदं सामान घालतो," नरसिंग म्हणाला.

संध्याकाळच्या बसने खोकं आलं. त्यात पंपासोबत लेबल निघालेली एक बाटली होती. एक थेंब बादलीत टाकला, तर फेस बाहेर! मला भरून आलं. साडू असावा तर असा, न सांगता साबणसुद्धा धाडतो!

रविवारी आठ वाजता मी तोंडाला दस्ती बांधली, डोळ्यांना गॉगल लावला. पंचवीस फुटी बांबूच्या टोकाला टाकी घासायचा ब्रश आणि फवारणीची गन बांधली, ड्रममध्ये आख्खी बाटली ओतली आणि पंपाला दोरीचा हिसका दिला. फट्‌फट्‌फट्‌! तिसऱ्या मजल्यावर फेसाचा पाऊस! ब्रश घासला की मधून निळा रंग डोकावायचा. मी तर आनंदाने खालीच नाचायला लागलो.

शेजारच्या नागुबाई तोंडाला पदर लावून धावत आल्या.

"आवं ईश्वरप्पा, काय फवारायलाव?"

आता सरळ 'भिंत धुतोय' म्हणावं की नाही? पण माणूस भरात असतो!

"तीन मजल्यांत एक जंतू जिवंत ठेवत नाही, नागुबाई!"

"आगं बया! कशाचे जंतू?"

"असतील नसतील ते सगळे! आप्पासाहेब यायच्या आत खलास!"

त्या आल्या तशा उलट्या पावली पळाल्या. मला वाटलं, कामाची घाई असेल.

साडेनऊपर्यंत पुढची आख्खी बाजू फेसाने पांढरी झाली. आता नुसतं पाणी मारायचं की झालं! पण मी कोपऱ्यावरच्या टपरीवर हवापाण्याच्या गप्पा मारत पाच मिनिटं चहा घेतला. (पाच म्हणजे पस्तीस!) आणि तेवढ्यात समोर घरघर सुरू झाली. डाळमिल! रविवारी बंद असते म्हणून तर मी रविवार धरला होता!

"शुक्रवारी लाईट नव्हती ना, म्हणून आज चालू हाय!" मिलच्या वॉचमनने ओरडून सांगितलं.

तुरीची फोलपटं, चुनी, भुसा, सगळं वाऱ्यावर निघालं आणि नीट येऊन आमच्या भिंतीवर बसलं. बसलं ते उठेचना! मी पाण्याचा फवारा मारला, तर नवा फेस आला आणि त्यावर नवी फोलपटं बसली. ब्रश जोरात दाबला, तर ब्रशच नावाच्या पट्टीला चिकटला! मी बांबू ओढतोय, बांबू वाकतोय, ब्रश जागचा हलत नाही. शेवटी काडकन आवाज झाला. बांबू माझ्या हातात, ब्रश वर!

सव्वादहाला शिवकन्येचा आतून फोन आला.

"झालं का हो? मी भाकरी थापायलेय, बाहेर यायला फुरसत न्हाई."

"होत आलं! तू अजिबात बाहेर येऊ नकोस!"

मग फोनांची रांगच लागली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला विचारतो, "सर, हॉस्टेलात डेंगू निघाला म्हणं?" दूधवाला विचारतो, "किती पोरी अ‍ॅडमिट हायत?" अहो, हॉस्टेल सुट्टीचं रिकामं! एकही पोरगी नाही! आणि मग उदगीरहून फोन.

"शरणार्थी दाजी! कसला डेंगू? मी निघू का?"

"तू बस तिथेच!" मी ओरडलो आणि फोन खिशात टाकताना ड्रममध्ये पडला.

बरोबर अकराला जीप आली. आप्पासाहेब उतरले, त्यांच्या मंडळी सिंधुताई उतरल्या. मुलीने मात्र नाकाला रुमाल लावून खाली पाय ठेवला. आप्पासाहेबांनी मान वर केली. तीन मजले भुसा अंगाला लावून आमची इमारत उभी होती.

"पाव्हणं," ते म्हणाले, "चौकात म्हणत्यात हितं डेंगू हाय, आन्‌ म्हणून फवारणी चाललीय. पोरीचा जीव हाय, खरं सांगा."

मी तोंडावरची दस्ती खाली ओढली. इतक्यात पिठाच्या हातांनी शिवकन्या बाहेर आली. तिने भिंत बघितली, मला बघितलं, ड्रममधला फोन बघितला. मग तिने पदराला हात पुसले आणि स्वतःचा फोन काढला. कुणाला लावणार ते मला कळलं. खरं सांगतो, साठीच्या माणसाला शोभत नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नुसती भिंत धुतली हो!" मी कसाबसा म्हणालो. "साबणाने!"

आप्पासाहेब भिंतीपाशी गेले. नखाने खरवडलं, बोट नाकाशी नेलं.

"ह्यो साबण न्हाई. ह्यो तर स्टिकर हाय! औषध पानाला चिकटून ऱ्हावं म्हणून फवाऱ्यात टाकत्यात. पाऊस पडला तरी निघत न्हाई बगा!" आणि ते मोठमोठ्याने हसायला लागले. "म्हंजी डेंगू न्हाई?"

"डेंगू न्हाई, काही न्हाई," शिवकन्या म्हणाली. "भिंतीचं हे आमच्या ह्यांचं काम. आतलं सगळं मी बघते. आत या, खोल्या बघा, जेवा, मग काय ते ठरवा."

ते आत गेले. सिंधुताईंनी खोल्या बघितल्या, न्हाणीघरं बघितली, पाण्याची टाकी उघडून बघितली. सगळ्यांनी भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी बाहेर पायरीवर बसून वीरेशच्या गाडीची वाट बघत होतो.

हात धुऊन आप्पासाहेब बाहेर आले, मागोमाग शिवकन्या. "आठी पोरी हितंच ऱ्हातील, वैनी. शिस्त लई झाक हाय."

"आणि हे?" शिवकन्येने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी भावाला बोलावणार होते."

"ऱ्हाऊ द्या की! भोळा माणूस हाय, दारावर बरा." माझी छाती दीड फूट फुगली! "फकस्त एक अट हाय. ह्यास्नी सैंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नका. साबण म्हणून स्टिकर मारणारा माणूस, मीठ म्हणून काय टाकील त्याचा नेम न्हाई!"

शिवकन्येने दुसऱ्याच दिवशी ती अट हॉस्टेलच्या फळ्यावर नियम क्रमांक एक म्हणून लिहिली. पालक फळा वाचतात आणि निर्धास्त होतात.

तर मॅनेजर अजून मीच आहे! चहा मात्र मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिळतो. परवा साखर जरा कमी पडली होती. मागायची हिंमत झाली नाही.