टॅबनं हवा धरली

आमच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. पण वाचकहो, आधी माझी लायकी सांगतो. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पंप चालू करण्याचं काम केलं. चालवण्याचं नव्हे, चालू करण्याचं! चालू झालेला पंप कोणीही चालवतो. रुसून बसलेल्या पंपाला बोलतं करायला मात्र माझ्यासारखा माणूस लागतो. मोठमोठे साहेब हात टेकायचे आणि मग म्हणायचे, "बोलवा त्याला." मी यायचो, पंपाला कान लावायचो, एक आटा अर्धा सैल करायचो आणि सांगायचो, "हवा धरलीय." हवा निघाली की पंप सुरू! त्यामुळे जगात जे जे बंद पडतं ते हवा धरल्यामुळेच बंद पडतं, असं माझं पक्कं मत होतं. टॅब बंद पडेपर्यंत होतं.

टॅब मुलीचा. तिच्या ऑफिसनं टाकून दिलेला, तिनं मला दिलेला. जुळं झालं तशी आमची ही पाच महिने लेकीकडे गेली आणि घरात उरलो मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. आक्काचं वय तेव्हा त्र्याऐंशी. लग्न केलं नाही. इस्पितळाच्या शिवणखात्यात जन्मभर चादरी शिवल्या आणि माझं लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, आमच्यात राहिली. हातात कात्री आणि तोंडात दुसरी कात्री.

माझ्या हातचं तीन दिवस जेवल्यावर चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुला स्वयंपाक येत नाही हे कळलं. लिहिता तरी येतं का खरंच?"

लिहायला मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो. वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात, त्यांनी शिकवलं. मी छाती फुगवून म्हटलं, "येतं म्हणजे? सांग काय लिहू!"

"माझं आयुष्य लिही."

रोज संध्याकाळी आक्का सांगायची आणि मी एका बोटानं टॅबवर टिपायचो, कोंबडी दाणे टिपते तसा. पाच महिन्यांत एकशे दहा पानं झाली. नऊ प्रकरणं! आणि हे सगळं त्या एका टॅबमध्ये. दुसरीकडे कुठेही नाही.

ही परत आली आणि पंधरा दिवसांत आक्का स्टुलावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून आक्काची अंघोळ, वेणी, कूस बदलणं, सगळं ही करत होती. ते करताना हिनं एकच घोशा लावला होता, "मला वन्संचं पुस्तक वाचायचंय." आता हिचं वाचणं म्हणजे मोठ्यांदा. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ही अशी वाचते, की शेजारच्यांचाही खोकला बरा व्हावा! मी म्हटलं, "रविवारी देतो."

आणि शनिवारी सकाळी टॅब चालू होईना. काळा पडदा आणि त्यावर गोल गोल फिरणारे ठिपके. अर्धा तास फिरले, तास फिरले. घाण्याचा बैलसुद्धा मध्ये थांबतो!

दुरुस्तीवाल्यानं टॅब उलटासुलटा करून पाहिला. "काका, आतली यंत्रणा बिघडलीय. सगळं पुसून नवी घालावी लागेल."

"आणि माझी एकशे दहा पानं?"

"ती पण पुसली जाणार."

आक्कानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मी एकदाच सांगणार. दळलेलं पुन्हा दळत नाही."

दुरुस्तीवाल्याला दया आली असावी. त्यानं लाल दोरा बांधलेला एक काळा पेनड्राइव्ह काढला. "याच्यात वेगळी यंत्रणा आहे. टॅब स्वतःच्या पोटातून सुरू न होता याच्यावरून सुरू झाला, तर तुमची पानं बाहेर काढता येतील. सोमवारी या, मी करून देतो."

सोमवारी! रविवारचा शब्द मी दिलेला. म्हटलं, "तुम्ही कशाला? आम्ही आख्ख्या गावाचं पाणी सुरू केलंय. द्या इकडे!"

"आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि मग चालू करायचं," तो म्हणाला. "जमेल?"

मी नुसता हसलो. वाचकहो, ते हसणं मला पुढे महागात पडलं.

घरी आलो. आक्काचा पलंग पुढच्याच खोलीत. तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे रे. गेलं तर गेलं."

माझे डोळे भरून आले. बिचारी! स्वतःचं आयुष्य पुसलं जातंय आणि मलाच धीर देतेय!

"अशी कशी जाऊ देईन?" मी गरजलो, आणि बटण दाबलं.

पडद्यावर करड्या रंगाच्या चार ओळी उमटल्या. आडव्या! म्हणजे टॅब उभा आणि ओळी झोपलेल्या. मी मान वाकडी करून पहिला शब्द लावतोय तोवर ओळी गायब आणि ठिपके पुन्हा हजर. पुन्हा केलं. पुन्हा एकच शब्द. ओळी मोजून पाच सेकंद राहत होत्या आणि मला एका शब्दाला चार लागत होते.

"मास्तरांना बोलवा," ही म्हणाली.

मास्तर आले, पण त्यांच्या मानेला पट्टा. मान ना डावीकडे वळे ना उजवीकडे. आडव्या ओळी वाचायच्या तर आख्खे मास्तरच आडवे व्हायला हवेत! शेवटी ते दिवाणावर कुशीवर झोपले आणि मी टॅब त्यांच्या नाकासमोर धरला. टॅबच फिरवता येतो, हे आम्हाला सोमवारी सुचलं.

"अहो, पाच सेकंदांत चार ओळी कशा वाचू? मला चष्मा लावायलाच तीन लागतात!"

मग मी योजना आखली. पंपघरात आम्ही चौघं चार काट्यांवर लक्ष ठेवायचो, तसंच. "पहिली ओळ मास्तरांची. दुसरी हिची. तिसरी आक्काची. चौथी माझी. दुसऱ्याच्या ओळीकडे कोणी बघायचं नाही!"

"मला नको ओळ," आक्का म्हणाली. "माझे डोळे गेलेत." सकाळीच या बाईनं पलंगावरून समोरच्या इमारतीतल्या बाईच्या पदराचा उसवलेला टाका ओळखला होता! पण मी म्हटलं, दुःखात माणसाला दिसत नाही.

तिघांनी मिळून सात वेळा केलं तेव्हा अर्थ लागला. कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्यासाठी कीबोर्डवरची कळ दाबा.

"कीबोर्ड कुठाय याला?" हिनं विचारलं.

नव्हताच. मी टॅब पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवला आणि मास्तरांच्या घरून त्यांचा कीबोर्ड आणायला वर गेलो. आणला आणि कपाळावर हात मारला. टॅबला भोक एकच! पेनड्राइव्ह घातला तर कीबोर्ड बाहेर, कीबोर्ड घातला तर पेनड्राइव्ह बाहेर.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "अहो, एक भोक आणि दोन दावेदार!"

"काका, हब घ्या. एका भोकाची तीन होतात."

"म्हणजे टी-जोड म्हणा की! सरळ सांगायला काय होतं?"

हब आणला. एका भोकात पेनड्राइव्ह, एकात कीबोर्ड, आणि टॅबचा जीव जात आला होता म्हणून तिसऱ्यात चार्जर. इतक्या नळ्या लागल्या की टॅब अतिदक्षता विभागात ठेवल्यासारखा दिसायला लागला. कळ दाबली. यादी आली. मी ऐटीत पेनड्राइव्ह निवडला.

टॅब म्हणाला, यावरून सुरू होता येत नाही. आणि ठिपके!

पुन्हा निवडला. ठिपके! पेनड्राइव्ह सदऱ्याला पुसला. ठिपके! मग मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. "हवा धरलीय," मी जाहीर केलं आणि भोकाला तोंड लावून जोरात फुंकर मारली.

"अहो, थुंकी उडतेय त्याच्यावर!" ही ओरडली.

"टॅब जरा तिरका धरा, हवा वर येईल," मी म्हटलं. मास्तरांनी झोपल्या झोपल्या तो तिरका धरला. मी पाठीवर थापट्या मारल्या, बाळाला ढेकर यावा म्हणून मारतात तशा. ठिपके! दिवाणाच्या दांड्याला मास्तरांचा पट्टा अडकला आणि त्यांना उठता येईना, एवढीच काय ती प्रगती.

पुन्हा फोन. "पेनड्राइव्ह माझाच आहे ना?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं. "लाल दोऱ्याचा?"

"लाल दोऱ्याचाच! समोर आहे."

"मग सोमवारी या, काका."

ही मास्तरांना हात देऊन वर पोचवायला गेली. मी एकटाच हबसमोर बसलो. आणि सहज त्या लाल दोऱ्याकडे नजर गेली. सकाळी तो दोरा कसाबसा गुंडाळलेला होता. आता त्याला दुहेरी गाठ होती. घट्ट, सपाट, टोकं आत दडपलेली. इस्पितळाच्या चादरीच्या कोपऱ्याला मारतात ती गाठ!

अशी गाठ मारणारं माणूस आमच्या घरात एकच. मी वळून पाहिलं. आक्का छताकडे बघत होती.

"आक्का, तुझ्या रेडिओत गाण्यांचा पेनड्राइव्ह असतो ना? काळा?"

"असेल."

"तो कुठाय?"

"तुझ्या हबात," आक्का म्हणाली, आणि उशीखालून दुरुस्तीवाल्याचा काढून दिला. बिनदोऱ्याचा.

"अगं, पण का? तुझंच तर पुस्तक आहे!"

"हळू बोल. ती येईल." आक्काचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "नववं प्रकरण आठव."

मला आठवलं आणि मी दाराकडे पाहिलं. नववं प्रकरण 'वहिनी'! ते मी लिहून घेतलं तेव्हा आक्का माझ्या हातचं जेवून चार महिने कावलेली होती. तेव्हा मला ते फार रंगतदार वाटलं होतं.

"रोज माझे केस विंचरते ती," आक्का म्हणाली. "काल रात्रभर कूस बदलत होती माझी. आणि उद्या ते मोठ्यांदा वाचणार! तोंड कुठे लपवू? मला तर उठून पळताही येत नाही."

"एवढंच ना? मी टॅब सुरू करतो आणि ती यायच्या आत नववं प्रकरण उडवतो. पुस्तक आठव्यावरच संपेल!"

खरा पेनड्राइव्ह घातला. कळ दाबली. निवडला. आणि वाचकहो, टॅब सुरू झाला! पहिल्या झटक्यात! मी आनंदानं आरोळी ठोकली.

ही पहिली चूक. आरोळी ऐकून ही जिन्यावरून धावत आली.

दुसरी चूक माझं बोट. ते नवव्या प्रकरणापर्यंत पोचलं होतं, पण खोडायची कळ शोधत होतं.

"सुरू झाला? बघू!" हिनं टॅब हातातून घेतला. पानही आडवंच होतं. हिनं मान वाकडी केली आणि सुरू केलं, "प्रकरण नववं. वहिनी. अय्या, माझ्यावर?"

आक्कानं चादर डोक्यावरून ओढली.

"'वहिनीचा आवाज असा, की तिनं हाक मारली की भांडी आपोआप घासली जातात.'" ही हसली. "'तिनं माझी चांगली कात्री दोन दिवस लपवून ठेवली होती. नातवंडांचं निमित्त करून ती मला या पंपवाल्याच्या हातचं खायला सोडून गेली. सेहेचाळीस वर्षांत तिनं मला एकदाही विचारलं नाही, की...'"

इथे आवाज थांबला. ओठ हलत होते, पण आवाज नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ही मनातल्या मनात वाचत होती. मी चार्जरची वायर उगाच सरळ करत बसलो.

"वन्सं," ही शेवटी म्हणाली, "हे कात्रीचं चुकलंय."

चादर जरा हलली.

"दोन दिवस नाही. दीड महिना लपवली होती मी."

चादर खाली आली. "दीड महिना? कुठे?"

"पिठाच्या डब्यात."

"मी तो डबा दोनदा उपसला होता!"

"तळाशी. फडक्यात गुंडाळून."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" आक्का माझ्यावर ओरडली, जणू मी पीठ होतो. मग तिचा आवाज एकदम पडला. "खोड रे ते प्रकरण."

"खबरदार खोडलंत तर!" ही म्हणाली. टॅब मांडीवर ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. "शेवटचं खरं आहे. कधी विचारलं नाही मी. काय हवं होतं तुम्हाला?"

आक्कानं हात झटकला. "सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं कुठलं आता आठवायला? आत्ताचं म्हणशील तर चहा."

"टाकते. पण आधी, अहो, लिहा. प्रकरण दहावं. वन्सं."

"माझ्यावर?" आक्का उठून बसायला लागली. "माझ्या पुस्तकात?"

"आधी ती पानं बाहेर उतरवून घ्या!" वरून मास्तरांचा आवाज आला. आमच्या घरातलं सगळंच वर ऐकू जातं.

पानं उतरवली. सोमवारी दुरुस्तीवाल्यानं टॅब धुऊनपुसून नवा करून दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही सांगायची, आक्का तारखा दुरुस्त करायची, मग आक्का सांगायची आणि ही म्हणायची, "साफ खोटं, पण लिहा." अकरावं प्रकरण दोघींनी एकमतानं सांगितलं. ते माझ्यावर आहे. माझं बोट त्यात एकदा गोठलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, "काय झालं? हवा धरली का?"

अठरावं प्रकरण अर्धंच आहे. माझ्या लग्नातल्या कोटाची डावी बाही आखूड कोणी कापली, यावर दोघींचं ठरायचं होतं. ते ठरलं नाही. आक्का त्याच वर्षी वीस नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी सात वाजता, झोपेतच वारली.