मिठाचा किल्ला

ठक्.

धाकटी नुकतीच झोपली होती, घर चिडीचूप, आणि स्वयंपाकघरातून वरवंट्याचा आवाज आला. शेजारच्या, नुकत्याच गावाहून कुवेतला आलेल्या शरीफाभाभी मदतीला आल्या होत्या. आलं-लसूण ठेचत असतील, म्हटलं, आणि पुस्तिकेतून मानसुद्धा वर केली नाही.

मला पोलंड पाठ करायचं होतं. माझ्या रियाजच्या अब्बांच्या मीना अब्दुल्ला रिफायनरीतल्या कामावरचे पोलिश इंजिनियर, यानसाहेब, दुपारी जेवायला येणार होते. प्रवाशांसाठीची ती सचित्र पुस्तिका त्यांचीच. क्राकूवचा राजवाडा आणि त्याच्याखालची गुहा. गेल्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं वॉर्सा, लोकांनी जुनी चित्रं बघून पुन्हा उभं केलेलं. विएलिच्काची मिठाची खाण, तिच्यात झुंबरंसुद्धा मिठाची! आमच्या सबंध सालमिया वस्तीत एवढं पोलंड कुणाला येत नसेल.

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. त्या खाणीच्या मिठात कोरलेला आवळ्याएवढा किल्ला साहेबांनी भेट दिला होता. "तुमच्या घरात कसा शोभतो, बघायला येईन," म्हणाले होते. पण रेडिओवर ठेवला तर दमट हवेत किल्ल्याला घाम फुटला. मी मुरूडची लेक. मिठाला पाणी सुटू नये म्हणून बरणीत तांदूळ टाकणाऱ्यांतली. किल्लाच नेऊन तांदळाच्या डब्यात पुरला.

साहेब आले. मी पोलंड घडाघडा म्हटलं, रियाजचे अब्बा इंग्रजीत सांगत गेले. साहेबांचे डोळे पाणावले. मग त्यांनी कोलंबीचा रस्सा तीनदा मागून घेतला. मी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगले.

"आणि किल्ला?"

मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. नुसते तांदूळ.

"भाभी, यात काही सापडलं तुम्हाला?"

"तो मिठाचा खडा? ठेचून घातला की रश्श्यात. बुरूजबिरूज दिसत होते खरे. म्हटलं, कुवेतचं मीठ असंच निघत असेल."

रियाजच्या अब्बांनी खाली मान घालून साहेबांना सांगितलं. साहेब रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. मग इतके हसले की धाकटी उठली.

"ते म्हणतायत," रियाजचे अब्बा म्हणाले, "आम्ही अख्खं वॉर्सा पुन्हा बांधलं, तिथे या किल्ल्याचं काय!"

मीठ मात्र अगदी बेताचं पडलं होतं, एवढं मी सांगणारच.

चार वर्षांचा रियाज मघापासून साहेबांच्या पोटाकडे टक लावून बघत होता.

"अम्मी, पण आत जाऊन बांधणार कोण?"