मुलुंडचं ध्रुवीकरण

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटलंच तर डॉक्टरला दाखवा. आपल्या सी विंगमधली गंधाली शास्त्रज्ञ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसली, ते कोणी विचारलेलं नाही. ती दक्षिण ध्रुवावरचा बर्फ मोजते. सहा वर्षं मोजतेय, उपग्रहाच्या फोटोंवरून, मुलुंडमध्ये पंख्याखाली बसून. प्रत्यक्ष हात लावलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे कोळणीच्या पाटीतला. एकदा, फक्त एकदा, तिकडे जाऊन तो बर्फ पायाखाली घ्यावा, एवढीच तिची इच्छा.

तिच्या संस्थेत विद्याधर सर म्हणून एक थोर गृहस्थ. वय वर्षं अडुसष्ट. पस्तीस वर्षांपूर्वी ते दक्षिण ध्रुवावर तीन महिने जाऊन आले. त्यातले अडीच महिने सर्दीने तंबूत आडवे होते. पण त्या सर्दीच्या जोरावर त्यांनी बावीस शोधनिबंध लिहिले, दोन बढत्या घेतल्या आणि निवृत्तीनंतर तीन मुदतवाढी मिळवल्या. अशा माणसाच्या टेबलावर वरून एक पत्र आलं. ध्रुवीय संशोधनाचं पुढे काय करायचं, हे आता नव्या दमाच्या शास्त्रज्ञांना विचारा. त्यांची सभा घ्या, त्यांचे प्राधान्यक्रम लिहून घ्या, खाली किमान शंभर सह्या घ्या आणि एक युवा प्रतिनिधी यंदाच्या मोहिमेवर पाठवा. सरांनी ताबडतोब युवा समिती नेमली. सात सभासद. त्यांतल्या सगळ्यात धाकट्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"सभेचं तू बघ," सर गंधालीला म्हणाले. "शंभर सह्या आण, मोहिमेत तुझं नाव पक्कं समज."

"सर, अख्ख्या मुंबईत आमच्या विषयातले तरुण अकरा आहेत. त्यातले तिघं आता विमा विकतात."

"तरुणांनी अडचणी सांगू नयेत, मार्ग काढावेत. आम्ही नाही काढले?"

यांनी काढलेला मार्ग तंबूतून डॉक्टरपर्यंतचा. पण बोलणार कोण? गंधालीने रविवार सकाळचा लग्नाचा हॉल ठरवला. मुहूर्त नव्हता, म्हणून रिकामा होता. बॅनरचं काम दिलं केतनकडे. केतन म्हणजे आपल्या वॉर्डातल्या समस्त वाढदिवसांचा शिल्पकार. त्याच्या कॉम्प्युटरवर नुसतं बोट ठेवलं तरी 'भावी नगरसेवक' उमटतं. गंधालीने त्याला मजकूर पाठवला: 'ध्रुवीय संशोधनाचे भवितव्य : तरुणांचे प्राधान्यक्रम'. केतनने तो दोनदा वाचला आणि त्याला या शिकलेल्या मुलीची कीव आली.

सभेच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ताई, तुमची एक चूक होती ना, ती मी सुधारून टाकली."

"कुठली चूक रे?"

"ते ध्रुवीय का काय लिहिलेलं. असा शब्दच नाही. पेपरात रोज येतो तो ध्रुवीकरण. तोच टाकला. आणि संशोधन काढलं, जागा पुरेना. पण बॅनर एकदम झकास! तीन लावलेत, स्टेशनपासून हॉलपर्यंत."

गंधाली धावत सुटली. तोवर वाट लागली होती. पालिकेच्या निवडणुका तोंडावर, आणि भर रस्त्यात हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: 'ध्रुवीकरणाचे भवितव्य : तरुणांचे प्राधान्यक्रम'. खाली केतनच्या हाताला सवय म्हणून: 'बहुसंख्येने उपस्थित राहा'.

लोक बहुसंख्येने उपस्थित राहिले. आधी एका पक्षाचा हर्षद चाळीस पोरं घेऊन आला. "ध्रुवीकरण कोण करतंय इथे? आमच्या वॉर्डात, आम्हाला न विचारता?" त्याच्यामागून दुसऱ्या पक्षाचे काशीराम साठ माणसं घेऊन आले. ते मूळचे मालवणकडचे, चिडले की गावची भाषा बाहेर पडायची. "ह्यो हर्षद हयसर आधीच कसो? आणि आमका कोणी सांगूक नाय?" हर्षदची माणसं वरपक्षाच्या खुर्च्यांवर बसली, काशीरामांची वधूपक्षाच्या. मधली वाट ओस. पुढच्या रांगेत गंधालीचे आठ शास्त्रज्ञ, पोटाशी लॅपटॉप धरून.

विद्याधर सर मात्र खुलले. जन्मात त्यांच्या भाषणाला एवढी गर्दी झाली नव्हती, आणि जी काही झाली ती बाहेरून कडी लावल्यामुळे. त्यांनी माईक घेतला. "मित्रहो, प्रश्न उत्तरेचाही आहे आणि दक्षिणेचाही!"

दोन्हीकडच्यांनी माना वर केल्या. मुंबईत असली वाक्यं जपून बोलायची असतात. पण ही गोष्ट सरांना कोण सांगणार?

"दक्षिणेत तर कायमचा रहिवासी एकही नाही!" सर गरजले. "सगळे बाहेरून येतात, सरकारी खर्चाने राहतात, खातात आणि निघून जातात!"

"बरोब्बर!" हर्षद उभा राहिला. "मग मूळ रहिवासी कोण, ते सांगा ना!"

"मूळ रहिवासी? सील!" सर बर्फावर लोळणाऱ्या त्या मिशीवाल्या प्राण्याबद्दल बोलत होते.

"ऐकलंत?" हर्षदने सगळ्या हॉलकडे वळून हात पसरले. "मूळ रहिवाशांना सील केलं! नोटीस दिलेली का?"

"सील कोणी केलं? तुमच्याच नगरसेवकाने!" काशीराम गरजले. खुर्च्या उचलल्या गेल्या. सर टेबलाखाली गेले. तंबूचा अनुभव असा उपयोगी पडतो.

तेव्हा गंधालीने माईक हिसकावला. आता सह्या कसल्या मिळतात, आठ डोकी जिवंत घरी गेली तरी पुष्कळ, असं तिला वाटत होतं. म्हणून तिने हातातली यादी सरळ वाचायला घेतली. "एक! तरुणांना कायमची नोकरी द्या. वर्षावर्षाच्या करारावर किती वर्षं काढायची?"

उचललेल्या खुर्च्या खाली आल्या.

"दोन! म्हाताऱ्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलेली माहिती सगळ्यांसाठी खुली करा. तीन! बायकांना पुरुषांच्या मापाचे बूट देणं बंद करा. चार! एकाच जागी तीस वर्षं सलग मोजमाप करा, दरवर्षी नवीन उद्घाटनं करू नका!"

"च्यायला," हर्षद म्हणाला, "ही तर आमचंच बोलते."

"तुमचा नाय, आमचा बोलता!" काशीराम म्हणाले. पण टाळी दोघांनी एकदमच दिली. मुलुंडच्या इतिहासात हे दोन पक्ष पहिल्यांदा एका गोष्टीवर सहमत झाले, आणि ती गोष्ट नेमकी कुठल्या खंडाबद्दल आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एकशे बेचाळीस सह्या झाल्या. सही करता करता ज्याने त्याने आपलाही मुद्दा टाकला. पाच, पाण्याचा दाब वाढवा. सहा, नाला साफ करा. सात, फेरीवाल्यांचं काहीतरी बघा.

सरांनी यादी न वाचता वर पाठवली. तरुणांचं लिहिलेलं वाचायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. वरच्यांनीही वाचली नसती, पण कोणीतरी चुकून उघडली आणि हरखून गेलं. एवढे ठोस मुद्दे तरुणांकडून कधी आलेच नव्हते! महिनाभरात उत्तर आलं. नोकऱ्या, बूट आणि कपाटं विचाराधीन. मात्र ध्रुवावरच्या नाल्याचा आणि फेरीवाल्यांचा अभ्यास करायला उपसमिती मंजूर, अध्यक्ष विद्याधर सर.

आणि गंधाली? गंधालीला मोहिमेत जागा मिळाली! गेले तीन आठवडे ती सोसायटीत दिसली का कोणाला? नाही ना? दिसेल कशी! या क्षणाला पोरगी दक्षिण ध्रुवावर उभी आहे, पायाखाली दोन मैल बर्फ, आणि परवाच तिने मला फोटो...

"नंदूकाका, काय वाट्टेल ते सांगताय," मागून आवाज आला. गेटातून भाजीची पिशवी घेऊन गंधाली येत होती. "तीन आठवडे उपग्रहाच्या फोटोंची रात्रपाळी होती, म्हणून दिसले नाही. कुठेही गेले नाही मी. विद्याधर सर गेलेत. युवा प्रतिनिधी म्हणून."